तांदळावर तोललेली मुलं

मुंबईहून परतलेल्या माणसाला आमच्या साताऱ्यात पहिला प्रश्न विचारतात तो समुद्राचा. समुद्र मी पाहिला, पण घाईत, कुठेतरी जाता जाता. त्याबद्दल सांगावं असं माझ्याकडे काही नाही. यंदाच्या थंडीत मी मुंबईत जे दिवस काढले, त्यातला बराचसा वेळ एका तराजूपुढे उभा होतो. त्या तराजूने काय साधलं ते लिहून द्यायला मला बोलावलं होतं. मी लिहून दिलं. बोलावणाऱ्यांनी ते छापलं नाही. म्हणून इथे लिहितो आहे.

आमचा छोटा छापखाना आहे. मुळाक्षरं मी शाळेच्या आधी, पत्रकांच्या वाया गेलेल्या प्रतींवर गिरवली. पुढे स्वतःच पत्रकं लिहू लागलो. संयुक्त महाराष्ट्रासाठी लिहिलेलं माझं एक पत्रक गिरगावातल्या एका सेवासंस्थेच्या चिटणिसांच्या हाती पडलं. ही संस्था कामगारवस्तीत लहान मुलांसाठी दूधकेंद्रं चालवते. चिटणिसांनी कळवलं, तुमच्या लेखणीत जोर आहे, आमच्या कार्याचं फळ सांगणारी पुस्तिका आम्हाला लिहून द्या. मला वाटलं, पोलिसांच्या गोळ्या मोजून झाल्या, आता दूध मोजू. निघालो.

गिरगाव

उतरलो आत्याकडे. तिची वाडी अरुंद, जिन्याला दोर बांधलेला, भिंतीवर गेरूने लिहिलेलं ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’. कुणीतरी वर चुना फासला होता आणि चुन्यावर पुन्हा कुणीतरी तेच लिहिलं होतं. खालच्या मजल्यावर एका घराला कुलूप होतं. त्या घरातला तरुण मुलगा गोळीबारात गेला, तेव्हापासून आई-वडील गावी आहेत, असं आत्याने सांगितलं आणि लगेच विचारलं, “पोहे करू की उप्पीट?” मुंबईत दुःखाला बसायला जागा नसते, ते उभ्या उभ्या सांगून पुढे जावं लागतं.

संस्थेची कचेरी दोन गल्ल्या सोडून होती. चिटणीस साधे, खादीतले, चेहऱ्याने थकलेले गृहस्थ. वाईट माणूस असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी मला भिंतीवरचा तक्ता दाखवला. प्रत्येक केंद्रातल्या मुलांच्या वजनाची एकेक रंगीत रेषा. वरळी कोळीवाड्याची रेषा डोंगरासारखी चढत गेलेली, परळची हळूहळू वर जाणारी, आणि लालबागची आधी चांगली वर जाऊन एकदम दरीत कोसळलेली.

“हा खड्डा बघा,” चिटणीस म्हणाले. “दूध तेच, पावडरीचे डबे तेच. मग तिथलीच मुलं का वाळली?”

“तुम्हाला काय वाटतं?”

ते जरा घुटमळले. “सुमतीबाई म्हणून सेविका आहेत तिथे. इथल्याच, गिरगावातल्या. माझ्या तोंडून वाईट शब्द जाणार नाही. पण दूध चहावाल्याकडे जातं, असं संस्थेच्या मंडळात बोललं जातंय. खड्ड्याचं कारण कळलं नाही तर लालबागचं केंद्र बंद करायचं आणि डबे दुसरीकडे द्यायचे, असं ठरतंय. तुम्ही बाहेरचे आहात. बघून या.”

एका बाईचं नाव आणि एका चाळीतल्या पोरांचं दूध, दोन्ही त्या रंगीत रेषेला टांगलेली होती. पुस्तिका बाजूलाच राहिली.

वरळी कोळीवाडा

आधी चढती रेषा पाहावी म्हणून कोळीवाड्यात गेलो. गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरून टोपली आली तर माणसाने भिंत व्हावं. बांबूंवर बोंबील वाळत घातलेले. केंद्रातली पोरं काळीभोर, तुकतुकीत, दंडावर मांस. तक्ता खोटं बोलत नव्हता. दुधाचे पेले मात्र भरलेले दिसले आणि ओट्याखाली तीन मांजरं बसली होती, तीही तुकतुकीत.

“मुलं दूध पितात ना?” मी एका कोळणीला विचारलं.

“ते पावडरीचं?” ती हसली. “त्याला वास मारतो, दादा.”

माशांच्या ढिगात बसून तिने हे सांगितलं. मी म्हटलं, “मग येता कशाला?”

“बाई चांगली हाय. हाका मारते. नाय आलो तर तिचं तोंड पडतं.”

“आणि मुलं धट्टीकट्टी कशी?”

तिने माझ्याकडे, मग समुद्राकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मला आणखी काही विचारायचं धाडस झालं नाही. निघताना माझा पाय ओल्या जाळ्यावरून घसरला आणि धोतर खवल्यांनी भरलं. आत्याने मला दारातच थांबवून आधी अंघोळ करायला लावली. मी हसत केली. चिटणिसांच्या तक्त्यावरची सर्वांत अभिमानाची रेषा समुद्राने काढली होती, दुधाने नव्हे, याची मला मजा वाटत होती.

लालबाग

लालबागेत मजा संपली. गिरणीचा भोंगा होऊन गेला होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना चाळी, कठड्यांवर वाळत घातलेल्या लुगड्यांमागे माणसं. आमच्याकडे एवढी माणसं जत्रेला जमतात आणि दुसऱ्या दिवशी पांगतात. इथली जत्रा पांगत नाही. एकेका खोलीत पाळ्या लावून झोपणारे गाळेवाले पुरुष, त्यांना जेवण घालणाऱ्या खाणावळवाल्या, कोकणातून आलेली कुटुंबं, आणि चाळीच्या पाठीमागच्या रांगेत, मोरीला लागून, नुकतीच बौद्ध झालेली घरं.

केंद्र तळमजल्यावरच्या एका खोलीत होतं. सुमतीबाई उंच, शेलाट्या, केस पांढरे होऊ लागलेल्या. मी कुठून आलो ते सांगताच म्हणाल्या, “म्हणजे चोर बघायला आलात. बसा. दूध पाजून होऊ द्या.”

पोरं ओळीने बसून दूध पीत होती. एकही थेंब दाराबाहेर गेला नाही. पेला पालथा करून दाखवल्याशिवाय त्या कुणाला उठू देत नव्हत्या. मग त्यांनी मलाही एक पेला दिला. कोळीण वासाबद्दल खरं बोलली होती.

“दूध इथेच जातं हे पाहिलंत,” त्या म्हणाल्या. “आता खड्डा बघायचाय? रविवारी या. बाबल्याची पाळी आहे.”

रविवारी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. तुळईला वखारीतल्यासारखा मोठा तराजू टांगला होता. एका पारड्यात गोधडी घालून बाबल्याला बसवलं. वर्ष-दीड वर्षाचं पोर, डोळ्यांत काजळ, कमरेला करदोटा. ते पारडं जमिनीला टेकलं. दुसरं पारडं रिकामंच वर झुलत होतं. लोखंडी वजनं कोपऱ्यात एका पोत्याखाली झाकून ठेवलेली. बाबल्याची आई यशोदा, मालवणकडची, खाणावळ चालवणारी ठसठशीत बाई. तिने पदराआडून तांदूळ काढला आणि रिकाम्या पारड्यात ओतला. मग एकेक बाई पुढे आली आणि मूठ टाकून गेली. कुणी ओंजळ टाकली, कुणी मापटंभर. गाळ्यातले एकटे राहणारे पुरुषही आले, टोपी सावरत, अवघडत, आणि मूठ सोडून लगेच बाहेर गेले. बऱ्याच वेळाने बाबल्याचं पारडं हललं, उचललं, तराजू समान झाला. बायका हसल्या. यशोदेने पोराला उचलून त्याच्या गालांवरून बोटं फिरवून स्वतःच्या कानशिलावर मोडली. मग सुमतीबाईंनी तो तांदूळ पिशवीत भरला, पिशवी लोखंडी वजनांनी तोलली, आकडा लिहिला आणि पिशवी यशोदेच्या हाती दिली.

माझ्यातला पत्रक लिहिणारा जागा झाला. मी तिथेच विचारलं, “हे काय चाललंय? सरळ वजनं ठेवा की.”

यशोदा म्हणाली, “जित्या पोराक लोखंडार तोलूचा नसता, भाऊ. लोखंडार भंगारवालो तोलता. माझो झील काय भंगार आसा?”

“ही अंधश्रद्धा आहे.”

“आसात. तुमच्याकडे पुढाऱ्यांक गुळार तोलतत, ती काय आसा?”

बायका खळखळून हसल्या. साताऱ्यात आम्ही एका पुढाऱ्याची गुळाने तुला केली होती आणि तिची पत्रकं आमच्याच छापखान्यात निघाली होती. मी विषय बदलला.

“आणि हा तांदूळ ज्याचा त्याला परत देत नाहीत?”

“तुळेचो तांदूळ परत न्हेवचो नसता. तो पोराचो. आज माझो, फुडल्या आयतवारी आणि कोणाचो.”

सगळ्या गेल्यावर सुमतीबाईंनी मला हकीकत सांगितली. केंद्र उघडलं तेव्हा एकही आई पोराला तराजूत बसवेना, आणि वजन नाही तर दूध नाही असा संस्थेचा नियम. शेवटी यशोदेने घरचा तांदूळ आणला. तो पुरला नाही. शेजारणींनी मुठी घातल्या. तीच रीत पडली. ज्यांच्या घरी लहान पोर नाही तेही घालू लागले.

“आणि तो खड्डा?”

“गिरणी बंद होती तेव्हाचा. त्यातच संचारबंदी, दुकानं मिटलेली. रविवारी मुठी आल्या, पण लहान आल्या. गाळ्यातली माणसं गावी निघून गेली होती. पारडं उठेचना. पोर आपलं खालीच बसलेलं. बायका एकमेकींची तोंडं बघायच्या आणि मग यशोदा पोराला उचलून घ्यायची, म्हणायची, ‘पुरे झाला, बाई.’ मी काय लिहिणार? जेवढा तांदूळ जमला तेवढा लिहिला.”

“म्हणजे ते पोराचं वजन नव्हतंच.”

“पोर किती भरलं ते मला कळलंच नाही. चाळ किती भरली ते लिहिलं.”

“मग वर कळवलं का नाही?”

“आधीच्या चिटणिसांना कळवलं होतं. ते म्हणाले, बाई, आकडा द्या, पुराण नको.”

मागची रांग

“सगळीच मुलं तांदळावर?” मी विचारलं.

“एक सोडून,” सुमतीबाई म्हणाल्या आणि मला मागच्या रांगेत घेऊन गेल्या.

शेवंता दारात बसून जुन्या लुगड्याला ठिगळ लावत होती. नवरा गिरणीत, बदली कामगार, कुणी रजेवर गेला तरच काम मिळणारा. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, नवीन, काचेवर अजून दुकानाचा कागद. मुलीचं नाव गौतमी. दोन वर्षांची, पण बाबल्याहून लहान दिसणारी. मान बारीक, डोळे मोठे. ती हसली नाही, रडलीही नाही. नुसती बघत राहिली.

मी सातारचा म्हटल्यावर शेवंता मोकळी झाली. तिचं माहेर तिकडचंच. आत बोलावून तिने भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी वाढली. जवळा मी पहिल्यांदाच खाल्ला. डोळ्यांत पाणी आलं, तशी ती म्हणाली, “आमच्या भागातलं माणूस आन् तिखटाला भ्यालं?”

मी तिला म्हटलं, मुलीला लोखंडावर तोलता हे चांगलं आहे. जुन्या समजुती टाकून दिल्यात. अशीच माणसं उद्याचा महाराष्ट्र घडवतील. असं बरंच काही बोललो. माझ्या पत्रकांतली वाक्यं होती, पाठ होती.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “समजुती बाबासाहेबांनी टाकायला लावल्या, टाकल्या. पर लोखंडाची गोष्ट आधीची हाय, भाऊ. आम्ही बी नेली व्हती मूठ, पयल्या वर्साला. त्या यशोदेच्याच पोराला, थोरल्याला. तांदूळ निवडून, धुऊन वाळवून नेला व्हता. ती म्हनली, ‘ऱ्हवांदे, भरला पारडा.’ पोराचं पारडं खालीच व्हतं. समद्यांना दिसत व्हतं.”

“मग?”

“मग काय. मूठ घरी आनली, भात केला. आन् बाईंना सांगितलं, आमच्या पोरीला लोखंडावर तोला. आम्हाला कुनाच्या मुठी नगंत.”

सुमतीबाई खाली मान घालून बसल्या होत्या. तशाच म्हणाल्या, “माझ्याकडे खरं वजन एकाच मुलीचं आहे. दूध तिने एक दिवस चुकवलेलं नाही.”

“आणि वजन?”

उत्तर समोरच बसलं होतं. दूध पिऊन, रोज पिऊन, नुसतं दूध पिऊन पोराचं काय होतं ते मी पाहत होतो. कोळीवाड्यात समुद्र होता. पुढच्या रांगेत मुठी होत्या. मागच्या रांगेत संस्थेचं दूध तेवढं होतं.

“खरा आकडा म्हंत्यात ह्यो,” शेवंता मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली. “खरा हाय. पर शिजवता येत न्हाई.”

त्या रात्री आत्याने विचारलं, जेवलास कुठे? मी खरं सांगितलं. तिने दारातच अंघोळीचं पाणी ठेवलं. या वेळी मी हसलो नाही आणि अंघोळही केली नाही. उरलेले दिवस माझं ताट बाहेरच्या खोलीत आलं. मी तिथेच जेवलो. ‘मराठी माणूस एक आहे’ असं मी किती पत्रकांत लिहिलं होतं, ते त्या ताटापुढे आठवत बसलो.

पुन्हा गिरगाव

चिटणिसांना मी सगळं सांगितलं. चोरी नाही. खड्डा हा चाळीच्या उपाशीपणाचा आहे. दूध एकट्याने पुरत नाही, त्याच्या जोडीला धान्य द्या, मागच्या रांगेला आधी द्या. पुस्तिकेत हेच लिहितो.

चोरी नाही म्हटल्यावर त्यांचे खांदे खाली आले. सुमतीबाईंबद्दल त्यांना खरोखरच बरं वाटलं. पण दुसऱ्याच क्षणी ते तक्त्याकडे वळले.

“म्हणजे ही रेषा तांदळाची आहे?”

“हो.”

“मग ती इथे नको. आपण तांदूळ वाटत नाही, दूध वाटतो. देणगीदारांना दुधाचा परिणाम वेगळा दिसला पाहिजे.”

“दुधाचा वेगळा परिणाम मागच्या रांगेत बसलाय. तिचं नाव गौतमी.”

“एका मुलीवरून काही ठरत नाही. तुम्हीच सांगा. म्हणून आता सगळ्यांनाच वजनांवर तोलायचं. शास्त्रशुद्ध. जी आई नाही म्हणेल तिच्या मुलाला दूध मिळणार नाही.”

“अहो, तांदूळ थांबेल.”

“का थांबेल? आपण कुठे मनाई करतोय? द्यायचा असेल त्यांनी घरी नेऊन द्यावा.”

मी आवाज चढवला. जनता, भूक, देणगीदारांची तिजोरी, माझ्याजवळ होते ते सगळे शब्द फेकले. ते शांतपणे ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, “केंद्र बंद व्हायचं टळलं ना? मंडळाला शुद्ध आकडे दिले तरच ते टळेल. दोन्ही हातांत लाडू मिळत नाहीत.” हे खोटं नव्हतं. म्हणूनच मला जास्त चीड आली.

लालबाग, शेवटचा रविवार

परतायच्या आदल्या दिवशी पुन्हा गेलो. पोतं काढून वजनं ओळीने मांडली होती. चिटणीस स्वतः आले होते, भिंतीशी उभे. सुमतीबाईंनी नियम वाचून दाखवला: आज सगळ्याच मुलांचं वजन, आणि तेही लोखंडावर. बायका नेहमीसारख्याच आल्या होत्या, उजवे हात पदराआड.

कुणी पुढे होईना. यशोदा म्हणाली, “बाई, लोखंड खाली ठेवा आणि वर तांदूळ घालूया. मगे?”

“नाही चालणार,” सुमतीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कोरडा होता. “नाही म्हणालीस तर उद्यापासून दूध बंद.”

 यशोदेने बाबल्याचं काजळ पदराने पुसून टाकलं, करदोटा सोडला, जणू पारड्यात बसतोय तो आपला मुलगा नव्हेच, आणि त्याला गोधडीवर ठेवून ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. लोखंड चढलं. ठण् ठण् आवाज झाला. पूर्वी एका पोराला तासभर लागे. आता बाबल्याचं हां हां म्हणता झालं. कुणी हसलं नाही. कुणी बोटं मोडली नाहीत.

वजनं उतरली, आणि बाबल्याला उचलून घेतल्यावर यशोदा तराजूशी थबकली. रिकाम्या पारड्यापुढे आली की मूठ उघडायची, एवढंच तिच्या हाताला ठाऊक होतं. तिने मूठ उघडली. तांदूळ पारड्यात पडला. मग तिचं तिलाच कळलं. तिने मागे वळून पाहिलं, पण आणखी कुणाचा हात पदराबाहेर आला नाही.

पुढची पाळी गौतमीची होती. शेवंतेने तिला पारड्यात बसवलं. दुसऱ्या पारड्यात यशोदेचा मूठभर तांदूळ तसाच होता. खोलीत सगळ्यांना तो दिसत होता. यशोदेने तो उचलला नाही. ती नुसतं म्हणाली, “पडांदे. तुळेचो आसा. ऱ्हवांदे आता.”

शेवंता तिच्याकडे न बघता सुमतीबाईंना म्हणाली, “काढा त्यो. आम्हाला लोखंडच.”

सुमतीबाईंनी तांदूळ कागदावर घेतला, कागद खिडकीत ठेवला आणि वजनं लावली. गौतमीचा आकडा मागच्या वेळेपेक्षा कमी भरला. शेवंतेने तो ऐकला, मुलीला कडेवर घेतलं आणि दारातून जाताना म्हणाली, “आता समदीच आमच्यासारखी झाली.” त्यात आनंद नव्हता, टोमणाही नव्हता.

बायका पांगल्या. आल्या तशाच गेल्या, उजवे हात पदराआड. बाहेर मोर्चा जमत होता. घोषणा ऐकू येत होत्या आणि खिडकीतून वर उठणाऱ्या मुठी दिसत होत्या. एरवी मी धावत गेलो असतो. चिटणीस वही मिटून समाधानाने म्हणाले, “आता आकड्यांत खोट नाही.”

सुमतीबाईंनी तराजूची पारडी पुसली, पेले पालथे घातले, खिडकी ओढून घेतली. कुलूप लावायच्या आधी मी आत पाहिलं. तांदळाचा कागद तिथेच होता. यशोदा तो परत नेणार नव्हती, शेवंता घेणार नव्हती, आणि संस्था तांदूळ वाटत नव्हती.

“त्याचं काय करायचं?” मी विचारलं.

सुमतीबाईंनी कुलूप ओढून पाहिलं. “कुणाचा ते ठरलं असतं,” त्या म्हणाल्या, “तर दिला असता.”